रमणकाकांचे राखणदार

लोक शेतातून घरी आले की पाय धुतात. आमचे रमणकाका शेतात जायच्या आधी पाय धुतात, आणि त्यांच्या वाडीत जो कोणी पाऊल टाकेल त्यालाही धुवायला लावतात. फाटकाशी पाण्याची बादली, तांब्या आणि चपला ठेवायला एक फळी असा कायमचा सरंजाम मांडलेला असतो. पाहुणा असो, वीजबिल देणारा असो की मतं मागायला आलेला उमेदवार असो, काका आधी त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, पायांकडे बघतात.

एकदा वाशीच्या बाजाराला मिरची पाठवणारा एक व्यापारी आला होता. चकचकीत बूट, हातात दोन मोबाइल. काकांनी त्याला फाटकातच अडवलं आणि शांतपणे सांगितलं, "शेठ, तुमच्या बुटाला सगळ्या तालुक्याची माती आहे. ती बाहेर ठेवा ने." शेठ आधी हसला, मग रागावला, मग मागे फिरायला निघाला. पण त्या साली काकांची ढोबळी मिरची अशी काही लगडली होती, की त्याने मुकाट्याने बूट काढले. मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. काकांनी त्या अंगठ्याकडे नीट पाहिलं आणि तोही धुवायला लावला. पुढच्या वर्षी तो शेठ रबरी चपला घालून आला.

हे सगळं मी माझ्या जागेवरून पाहतो. घोलवडला रस्त्याच्या अलीकडे माझी पिठाची गिरणी आणि पलीकडे काकांची वाडी. माझा स्वभाव तसा आळशी. उत्साही माणसं मला लांबूनच बरी वाटतात. पण काका लांब राहणाऱ्यातले नाहीत. दळण आणायला म्हणून येतात आणि दळण होऊन थंड झालं तरी बोलत बसतात. काकी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन उंबरगावला गेली. घरात बोलायला कोणी नाही, तेव्हा गिरणीच्या खडखडाटात ओरडून बोलायची त्यांना सवय झाली आहे. गिरणी बंद असली तरी ते ओरडूनच बोलतात.

या राखणदारांचं प्रकरण सुरू झालं दोन हजार चौदा साली. त्याआधी आमच्याकडच्या मिरचीवाल्यांना मर रोगाने पार नकोसं केलं होतं. सकाळी टवटवीत दिसणारं झाड दुपारी मान टाकायचं, संध्याकाळी जरा सावरल्यासारखं दाखवायचं आणि दोन-तीन दिवसांत उभंच्या उभं वाळून जायचं. उपटून पाहिलं तर मूळ कुजलेलं. फवारे मारा, औषधं ओता, काही फरक पडत नव्हता. अशात शेतकऱ्यांसाठी एक शिबिर झालं. तिथे शास्त्रज्ञ बाईंनी सांगितलं, की जमिनीत जसे वाईट जिवाणू असतात तसे चांगलेही असतात. ते मुळांवर वस्ती करून राहतात आणि रोगाला जवळ फिरकू देत नाहीत. भाषणानंतर चहा, बिस्किटं आणि प्रत्येकाला त्या जिवाणूंच्या भुकटीचं एक पाकीट मिळालं. बाकीच्यांनी बिस्किटं खाल्ली आणि पाकीट घरी नेऊन माळ्यावर टाकलं. काकांनी बिस्किटं खिशात टाकली आणि बाईंना एवढे प्रश्न विचारले, की बाईंची परतीची गाडी चुकली.

दुसऱ्या दिवशी गिरणीत येऊन त्यांनी मला ते शास्त्र समजावलं. ते असं: मूळ म्हणजे पंगत. मूळ सारखं काही ना काही गोड वाढत असतं, आणि ते खायला मातीतले सगळे टपलेले असतात. पान रिकामं राहिलं की कोणीतरी उपटसुंभ येऊन बसतो, आणि तो नुसता जेवून जात नाही, घर पण खातो. तेव्हा पंगतीत आधी आपली माणसं बसवायची. सगळी पानं भरली, की उपटसुंभ दाराशी उभा राहून निघून जातो.

"म्हणजे मारामारी नाही?" मी विचारलं.

"थोडी असते. पण ती त्यांची ते करतात. आपण मध्ये पडायचं नाही," काका म्हणाले.

आमच्याकडे चिकूच्या वाडीला राखणदार ठेवतात. काकांनी आपल्या जिवाणूंना तेच नाव देऊन टाकलं. राखणदार म्हटला की त्याचा पगार आला. घराच्या पडवीत, सावलीत, एक निळं पिंप बसलं. त्यात शेणाचं पाणी, मूठभर गूळ आणि ती भुकटी. रोज संध्याकाळी काका काठीने ते ढवळायचे, गुळाचा खडा टाकायचे आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलायचे. माझ्याशी ओरडणारा हा माणूस पिंपाशी मात्र कुजबुजतो, हे मी स्वतः ऐकलं आहे.

पहिल्या वर्षी त्यांनीच घोटाळा केला. राखणदार सोडले, आणि वर डबल बंदोबस्त म्हणून मोरचुदाचं पाणीही ओतलं. निळंशार मोरचूद रोगाच्या जिवाणूला मारतं ते खरं, पण ते कोण आपलं कोण परकं हे विचारत बसत नाही. राखणदार गेले, मग मिरचीही गेली. मिरचीचं त्यांना वाईट वाटलंच, पण राखणदारांचं जास्त वाटलं. "घरी बोलावलं आणि जेवणात विष घातलं, असं झालं," असं म्हणून त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही. तेव्हापासून मोरचूद हा शब्दही ते पिंपाजवळ उच्चारत नाहीत.

त्यानंतर त्यांनी पाण्याचा ध्यास घेतला. पिंपात पाणी पंचायतीच्या विहिरीचं, आणि तिच्यात निर्जंतुक करायची पावडर टाकतात. ती माणसाला बरी, राखणदारांना वाईट. त्यामुळे काका पंचायतीच्या शिपायाला रोज गाठून विचारायचे, आज टाकली का, उद्या टाकणार का. तो बिचारा त्यांना पाहून गल्ली बदलायचा. माझ्या घरी आले आणि बायकोने पाणी दिलं, की आधी भांडं नाकाशी न्यायचे. "पावडर आहे. माणसाला चालेल," असं म्हणून मग पिऊन टाकायचे. माझ्या बायकोला याचा राग यायचा, पण काकांना तो राग कधी दिसला नाही.

राखणदारांना ऊनही सोसत नाही. ऑक्टोबरच्या रणरणत्या उन्हात काका पडवीतून वाडीपर्यंत बादली न्यायचे तेव्हा डाव्या हातात बादली आणि उजव्या हातात छत्री असायची, आणि छत्री बादलीवर धरलेली असायची. स्वतःच्या टकलावर ऊन. रस्त्यातून जाणारी तलासरीची एस.टी. एकदा केवळ ते बघायला थांबली असं मी म्हणतो. ड्रायव्हरला लघुशंकेला उतरायचं होतं असं बायको म्हणते.

हे राखणदार खरंच आहेत हे तुम्हाला कळतं कसं, असं मी एकदा त्यांना छेडलं. काका म्हणाले, "तुझ्या शेजारच्या घरात सगळं बरं चाललंय हे तुला कसं कळतं? भांडीबिंडी आपटत नाहीत, रडारड नाही, म्हणजे बरं. बसलेत म्हणायचं. बसू दे ने त्यांना." हे "बसू दे ने" त्यांचं सगळ्याला उत्तर होतं. राखणदार मुळाला बसू दे, चहाचा गाळ बसू दे, गिरणीतलं पीठ बसू दे. घाई केलेली त्यांना खपायची नाही.

आता शेजाराचा विषय निघालाच आहे, तर भिकूभाईंबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

भिकूभाईंची वाडी काकांच्या वाडीला लागून, जराशी वरच्या अंगाला. लहानपणापासूनचे दोस्त. दोघांनी मिळून पाण्याचं एक डिझेल इंजिन घेतलं होतं. एका उन्हाळ्यात ते जळलं. ऑइल न घालता चालवलं म्हणून जळलं यावर दोघांचं एकमत होतं. कोणी चालवलं यावर नव्हतं. तेव्हापासून बोलणं बंद. इंजिन दोघांच्या बांधावर गंजत पडलं, कारण जो उचलेल त्याचा दोष ठरेल.

पण बोलणं बंद म्हणजे तोंडं बंद नव्हेत. रोज सकाळी दोघेही दात घासत बांधावर येतात, इंजिनाच्या दोन बाजूंना उभे राहतात आणि इंजिनाशी बोलतात. काका इंजिनाला सांगतात, की काही लोकांना चर साफ ठेवायला नको, पाणी तुंबलं की मुळं कुजतात हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. भिकूभाई इंजिनाला सांगतात, की काही लोक शेणाच्या पाण्याला साखर घालून पाजतात, त्यांना वेड्यांच्या इस्पितळात न्यायला गाडी कधी येणार. अर्धा तास असा जातो. एखाद्याला उशीर झाला तर दुसरा पुन्हा पुन्हा चुळा भरत वेळ काढतो. मग दोघेही एकदमच पाठ फिरवून कामाला लागतात.

भिकूभाईंचा स्वभाव काकांच्या बरोबर उलटा. दिसलं की मारा. दुकानदार जे देईल ते ओता. त्यांच्या मिरचीला लागोपाठ दोन वर्षं मर लागली. दुसऱ्या वर्षी तर वाडीच्या वाडी उभी वाळली. तेव्हा ते दळण घेऊन आले ते डबा खाली ठेवायचंही विसरले. मुंबईची एक पार्टी फार्महाउससाठी जागा बघत होती, वापीला राहणारा मुलगा बोलवत होता. "दिनेशभाय, एक साल अजून लावतो," ते मला म्हणाले. "या साली पण गेली, तर वाडी देऊन टाकतो नि वापीला जातो. नातवाला शाळेत सोडीन, दुसरं काय."

ही बातमी मी काकांना सांगितली. ते मोठ्याने म्हणाले, "जाऊ दे. चर तरी साफ होईल एकदाचा." दळण न घेताच गेले. दोन दिवसांनी त्यांच्या पडवीत दुसरं निळं पिंप दिसलं. मी विचारलं तर म्हणाले, मला यंदा जास्त लागणार. वाडी तर तेवढीच होती. मला काय ते कळलं आणि काकांबद्दल एकदम माया वाटली.

अडचण अशी होती, की पाणी वरून खाली वाहतं. भिकूभाईंकडून रोग काकांकडे येऊ शकत होता, पण काकांचे राखणदार चर चढून वर जाणार कसे? आणि काकांनी पाठवलेली वस्तू भिकूभाई हातात घेणार नाहीत, हे सांगायला नकोच. तेव्हा काकांनी राधीला गाठलं. राधी रानशेतची. दर लावणीला आपल्या बायका घेऊन येते आणि दोन्ही वाड्यांत तीच रोपं लावते. लावण्यापूर्वी रोपांची मुळं राखणदारांच्या दाटसर रबडीत थोडा वेळ बुडवून ठेवायची, म्हणजे पंगत शेतात जायच्या आधीच बसते. काकांच्या रोपांना हे तिने अनेकदा केलं होतं. या वेळी ते भिकूभाईंच्या रोपांनाही करायचं, आणि गुपचूप.

राधी म्हणाली, "करीन मी. पण त्यो उभा राहतो ना डोक्यावर. त्याला कोण हलवील?"

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं.

लावणीच्या दिवशी सकाळी मी भिकूभाईंना निरोप धाडला, की तुमचे गहू दळून ठेवलेत पण जाड पडलेत, येऊन बघून जा. ते आले. मी म्हटलं, परत दळतो, बसा. मग गिरणीचा पट्टा घसरला. मग जात्याच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची आठवण झाली. एरवी दगडाला टाकी लावायचं काम मी महिनोन्महिने पुढे ढकलतो. त्या दिवशी मी छिन्नी-हातोडा घेऊन असा मन लावून बसलो, की माझी बायको आतून बघायला आली. भिकूभाई तीन चहा प्यायले, चुळबुळ करत राहिले, दोनदा उठले आणि दोनदा मी त्यांना बसवलं. शेवटी रस्त्यापलीकडून राधीने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. ती खूण होती. माझा पट्टा ताबडतोब जागेवर बसला.

रोपं लागली. आता राखणदारांना धोका होता तो मोरचुदाचा. भिकूभाईंनी दुकानातून पिशवी आणून ठेवली होती आणि पुढच्याच आठवड्यात ओतणार होते. पहिल्या वर्षीचं सगळं काकांच्या डोळ्यांपुढे आलं. रात्री झोप नाही, दिवसा दळण नाही. सांगायचं कसं? इंजिनाला सांगून पाहू का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही ओतू नका म्हणालात तर ते आजच ओततील.

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला, आणि ते तडक घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम रस्ता ओलांडून उभा राहिलो. काका दात घासत बांधावर आले आणि इंजिनाला म्हणाले, "मोरचूद ही फार चांगली चीज आहे. माणसानं मिरचीला मोरचूद ओतावं. भरपूर ओतावं. मी तर म्हणतो, आजच ओतावं."

पिंपाजवळ तो शब्द न काढणाऱ्या काकांना हे बोलताना काय वाटलं असेल ते मला त्यांच्या कानांच्या रंगावरून दिसत होतं. भिकूभाईंचा ब्रश तोंडातच थांबला. त्यांनी काकांकडे पाहिलं, म्हणजे इंजिनाच्या काकांकडच्या टोकाकडे पाहिलं. बराच वेळ विचार केला. मग थुंकले आणि घरी गेले. ती पिशवी त्यांनी उघडलीच नाही. दुपारी गिरणीत येऊन मला सांगून गेले, की तो मला ओत म्हणतोय, म्हणजे त्यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, मी एवढा खुळा नाही.

पुढचे दोन महिने काकांनी मला फार छळलं. रोज दुपारी, झाडं मान टाकतात त्या वेळेला, मी भिकूभाईंच्या वाडीवरून चक्कर मारून यायचं. किती झाडांनी मान टाकली, कोणत्या कोपऱ्यात, संध्याकाळी सावरली का. स्वतः ते जाऊ शकत नव्हते. चौकशी का करता असं विचारलं, तर म्हणायचे, शत्रूची बातमी ठेवावी माणसानं. खालच्या कोपऱ्यात, जिथे चर तुंबतो तिथे, काही झाडं गेली. ते मी सांगितलं त्या दिवशी काका जेवले नाहीत. मग त्यांनी इंजिनाला चर साफ असण्याची एवढी निंदा ऐकवली, की भिकूभाईंनी तीन मजूर लावून चर खणून काढला. त्यानंतर मर पुढे सरकली नाही. बाकीची वाडी उभी राहिली, फुलली आणि डिसेंबरात तिथे अशा मिरच्या लागल्या, की झाडांना काठ्यांचा आधार द्यावा लागला.

भिकूभाईंनी मुंबईच्या पार्टीला नाही म्हणून कळवलं. वापीच्या मुलाला सांगितलं, सुट्टीत तूच इकडे ये. मग गिरणीत, चार माणसांसमोर, त्यांनी आपल्या यशाचं रहस्य सांगितलं. ते असं, की त्यांनी दुष्टाचा सल्ला ऐकला नाही आणि मोरचूद ओतलं नाही. बाकी सगळं त्यांच्या हाताचा गुण. माणसं माना डोलवत होती. माझं डोकं मात्र फिरलं. एवढा उपद्व्याप काकांनी केला, एवढी टाकी मी लावली, आणि श्रेय हे घेऊन चालले.

संध्याकाळी काका आले तेव्हा मी गिरणी बंद केली आणि सरळ म्हटलं, की आता पुरे झालं. त्यांना कळू दे कोणी वाचवलं ते. कळलं तर ओशाळतील, माफी मागतील, तुमचं बोलणं सुरू होईल. एवढ्या वर्षांचा अबोला संपेल.

काका पिठाच्या डब्यावर हात ठेवून बसले होते. त्या दिवशी ते ओरडून बोलले नाहीत.

"नको रे," ते म्हणाले. "बोलणं सुरू झालं की काय होईल? दोन दिवस येईल, चहा पिईल, माझे उपकार मानील. मग उपकार जड होतील त्याला, आणि हळूहळू यायचा बंद होईल. मी ओळखतो त्याला. आता कसा, रागानं का होईना, रोज येतो."

मी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"तो वापीला गेला असता, तर सकाळी उठून मी अबोला तरी कोणाशी धरला असता, दिनेश?" त्यांनी डब्यावरचं पीठ बोटाने पुसलं. "ही गेल्यापासून माझ्यासाठी वेळेवर उठणारं दुसरं कोणी नाही."

मी त्यांचा डबा भरून दिला. ते रस्ता ओलांडून गेले आणि पडवीतला दिवा लागला.

माझी गिरणी पहाटेच सुरू व्हायची. आता मी ती सकाळी जरा उशिरा सुरू करतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, बायको विचारते. मोटर थंड असते, तिला बसू द्यावं लागतं, असं मी सांगतो. खरं म्हणजे गिरणी चालू झाली की बांधावरचं नीट ऐकू येत नाही, त्यांनाही आणि मलाही.